इम्प्लांटभोवतीची हिरडी कशी धरते?

‘अगदी नैसर्गिक दातासारखा’ असे इम्प्लांटच्या, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळाच्या, जाहिरातींत हमखास म्हटलेले असते. चावण्यापुरते ते बरेचसे खरे आहे, पण हिरडी आणि चेता यांच्या बाबतीत मुळीच नाही.

टायटॅनियमशी हाड थेट जुळते हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना आढळले आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. हाडाची ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. हिरडीची त्याहून सुरस असूनही मागे राहते.

खऱ्या दाताच्या मुळावर सिमेंटमचा थर असतो आणि हिरडीतील कोलॅजेनचे तंतू त्यात आडवे शिरून रुतलेले असतात. टायटॅनियमवर सिमेंटम नाही, त्यामुळे तंतूंना रुतायला जागाच नसते. लोणच्याच्या बरणीच्या गळ्याभोवती दादऱ्याची दोरी आवळावी तसे काही तंतू इम्प्लांटला वेढून राहतात आणि बाकीचे त्याला समांतर उभे धावतात. जखमेत आधी रक्ताची गुठळी होते, मग कडेच्या अस्तरपेशी धातूच्या दिशेने सरकतात, त्याच्या पृष्ठभागावर एक अतिपातळ पटल स्रवतात आणि हेमिडेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म चिकटबिंदूंनी त्याला धरतात. अस्तरपेशींची सुमारे दोन मिलिमीटर उंचीची ही पट्टी आणि तिच्याखालची मिलिमीटर-दीड मिलिमीटरची तंतूमय ऊती पक्व व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. ही तंतूमय ऊती व्रणासारखी असते: कोलॅजेन भरपूर, पेशी आणि रक्तवाहिन्या कमी. दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधातून हिरडीला मिळणारे रक्तही येथे नसते, म्हणून साचलेल्या जंतूंचा दाह हाडापर्यंत लवकर पोहोचू शकतो.

तो अस्थिबंध, म्हणजे पेरिओडॉन्टल लिगामेंट, दाताबरोबर जातो आणि त्यातील दाब ओळखणारी रुफिनी चेताग्रेही जातात. त्यांच्यामुळेच भातातला बारीक खडा दाताला क्षणात कळतो. खऱ्या दातांत धरलेली सुमारे 20 मायक्रॉनची, केसाहून पातळ अशी पट्टीही जाणवते. इम्प्लांटखाली तीच गोष्ट बरीच जाड असावी लागते. तरीही तो बधिर ठोकळा नसतो. हाडात, हाडावरच्या आवरणात, स्नायूंत आणि जबड्याच्या सांध्यात उरलेल्या संवेदी चेतांकडून मेंदू दाबाचा अंदाज घेऊ लागतो, आणि काही महिन्यांत तो अधिक नेमका होतो.

वरच्या दाताला हात लावला की डोळ्याची नस दुखावते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. वरच्या दातांच्या चेता त्रिधारी चेतेच्या एका शाखेतून येतात आणि दृष्टी वाहणारी चेता पूर्णपणे वेगळी असते. खरी काळजी खालच्या जबड्यात घ्यावी लागते, कारण तेथे हाडातील नलिकेतून ओठाची संवेदना वाहणारी चेता जाते. भूल उतरून गेल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, तर त्याच दिवशी दंतवैद्यांना कळवावे, कारण इम्प्लांट चेतेवर दाबत असेल तर तो जितक्या लवकर काढला जाईल तितकी संवेदना परतण्याची शक्यता अधिक असते.