पळसाला पानं तीनच? नाही, एकच!

'पळसाला पानं तीनच' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. बेलाबद्दलही तसंच: एका देठाला तीन पानं. म्हण म्हणून ती खोटी नाही, कुठेही गेलात तरी पळस तसाच. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती तीन पानं नसून एकच संयुक्त पान (अनेक भागांत विभागलेलं पान) आहे आणि त्या पानाच्या तीन पर्णिका, म्हणजे पानासारखे दिसणारे तीन भाग, आहेत.

हे कशावरून? कळीवरून. पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे, देठाच्या बगलेत, एक बारीक कळी असते. पुढे तिचीच फांदी किंवा फूल होतं. बेलाची डहाळी हातात घेऊन नीट पाहा. कळी सापडेल ती मुख्य देठाच्या बुडाशी, काट्याजवळ. तिन्ही दलं जिथे एकत्र येतात तिथे कितीही शोधलं तरी ती मिळणार नाही. 'त्रिदल' हा आपला जुना शब्द मला म्हणूनच फार आवडतो: तीन दलांचं एक पान, अगदी नेमकं.

कढीपत्त्याचंही तेच. फोडणीसाठी आपण जी 'काडी' ओरबाडतो ती फांदी नव्हे, अख्खं एक पान असतं. कडुलिंबाचंही तसंच. शेवग्यात तर मधला दांडा पुन्हापुन्हा विभागतो, त्यामुळे भाजीसाठी निवडतो ती चिमुकली 'पानं' म्हणजे एकाच मोठ्या पानाच्या असंख्य पर्णिका.