जनुक सापडलं, पण उपचार? मेंदूच्या आजारांवरील संशोधनाची पार्श्वभूमी

जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकी डॉक्टरने १८७२ साली एका आनुवंशिक आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं; पुढे तो हंटिंग्टनचा आजार म्हणूनच ओळखला गेला. या रुग्णांचे हातपाय आपोआप हलतात आणि पुढे बुद्धीही ढासळत जाते. लाँग आयलंडवरच्या अशा घराण्यांना त्याचे वडील आणि आजोबाही तपासत आले होते. एखादं मूल आजारातून सुटलं की त्याच्या वंशात तो पुन्हा दिसत नाही, हे त्याने अचूक टिपलं. मेंडेलने मांडलेल्या आनुवंशिकतेच्या नियमांची दखल जगाने घ्यायला अजून जवळपास तीन दशकं होती.

या आजाराचं जनुक सापडलं ते रुग्णांच्या कुटुंबांमुळे. अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हाच आजार होता. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी असे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. वेक्सलर १९७९ पासून वर्षानुवर्षं तिथे गेल्या, वंशावळी मांडल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांच्या आधारे १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या चमूने हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ उजाडलं. त्यातली सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं ४० किंवा त्याहून जास्त वेळा लागोपाठ आली, तर आजार होतोच. सरोवराकाठच्या त्या गरीब कुटुंबांचं ऋण या शास्त्रावर फार मोठं आहे, आणि ते पुरेसं फेडलं गेलेलं नाही.

हा दोष आपल्यात आहे का हे आधीच सांगणारी चाचणी आली, उपचार मात्र नव्हता. आईवडिलांपैकी एकाला आजार असलेल्यांतले बहुसंख्य लोक आजही ही चाचणी करून घेत नाहीत. त्यांचा निर्णय मला पूर्ण समजतो.

दरम्यान दुसरीकडे मेंदूतल्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसवण्याचा विचार चालू होता. प्रौढ मेंदूत नवीन चेतापेशी तयार होत नाहीत, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचं मत दीर्घकाळ प्रमाण मानलं गेलं. १९६०च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांमध्ये अशा पेशी तयार होतात असं दाखवलं, पण त्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. मग १९८७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांच्या मेंदूत गर्भाच्या पेशी बसवायला सुरुवात झाली. काही रुग्ण खरोखर सुधारले आणि आशा उंचावल्या.

त्या आशेची खरी परीक्षा अमेरिकेतल्या एका चाचणीत झाली. ४० रुग्णांपैकी निम्म्यांना पेशी दिल्या. उरलेल्यांच्या कवटीला फक्त छिद्रं पाडली, आत काहीच सोडलं नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. २००१ मध्ये निष्कर्ष आले : रुग्णांच्या स्वतःच्या मूल्यमापनात दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. आजाऱ्याच्या डोक्याला विनाकारण छिद्र पाडणं क्रूर वाटतं. तरीही ती तुलना केली नसती, तर हा उपचार तपासणीविनाच सर्वत्र पसरला असता, असं मला ठामपणे वाटतं. सिद्ध न झालेल्या स्टेम सेल (मूलपेशी) उपचारांचा बाजार आज मांडला जातो तेव्हा तर ही चाचणी आवर्जून आठवावी.

जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणातून मूलपेशी, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, वेगळ्या केल्या आणि भ्रूण नष्ट करण्यावरून मोठा नैतिक वाद पेटला. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये त्यातून वाट काढली : केवळ चार जनुकांच्या मदतीने उंदराच्या साध्या पेशी मूलपेशींसारख्या झाल्या, पुढच्याच वर्षी माणसाच्याही. २००८ मध्ये एएलएस हा स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाणारा आजार झालेल्या रुग्णाच्या त्वचेपासून चेतापेशी बनवल्या गेल्या. रुग्णाचा जनुकीय दोष घेऊन आलेली चेतापेशी आता प्रयोगशाळेत तपासता येऊ लागली. क्योतोमध्ये अशाच तंत्राने बनवलेल्या, पण निरोगी दात्याच्या पेशी कंपवाताच्या सात रुग्णांना दिल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. तुलनेचा गट मात्र त्यात नव्हता.

जनुकांच्या बाजूचं यश विषम आहे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९९५ मध्ये सापडलं आणि २०१६ मध्ये त्यावरच्या न्युसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. या आजारात एक आवश्यक प्रथिन कमी पडतं, आणि ते थोडंफार बनवणारं दुसरं जनुक शरीरात असतंच. औषध त्याच्याकडून जास्त काम करून घेतं. हंटिंग्टनमध्ये प्रथिनच घातक बनलेलं असतं, म्हणून ते घटवावं लागतं. टोमिनर्सेन हे औषध जनुकाच्या सदोष आणि निरोगी अशा दोन्ही प्रतींचं प्रथिन कमी करत होतं. २०२१ मध्ये मोठ्या चाचणीत ते देणं थांबवावं लागलं. फक्त सदोष प्रतीवर नेम धरणाऱ्या औषधांवर आता काम चालू आहे.