धुणं स्वस्त, वाळवणं महाग

जून लागला की खानापूर-बेळगाव पट्ट्यात कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. मशीनमधून काढलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओलीच. मग सोप्यात दोऱ्या बांधायच्या आणि रात्रभर पंखा सोडून द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. आता या पंख्याचा हिशेब मांडू. जुना साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा. आठ तास फिरला की ०.६ युनिट. तेच कपडे गार पाण्यात धुताना मशीननं बहुधा याच्या निम्मीही वीज घेतलेली नसते.

मशीन वीज खाते, असं सरसकट म्हणतात ते तितकंसं खरं नाही. खातो तो हीटर. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, आणि त्यात कुठलीही कंपनी सूट देऊ शकत नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायचं म्हणजे ०.६ युनिट, ४० वर थांबलात तर पाव युनिटाच्या आसपास. ड्रम फिरवणारी मोटर त्यापुढे किरकोळच. म्हणून पाच तारे लावलेलं मशीन घरी आणून रोज ६० अंशांवर चालवणारा माणूस, गार पाण्यात धुणाऱ्या साध्या मशीनवाल्यापेक्षा जास्त वीज जाळू शकतो.

पण गार पाण्यात मळ निघतो का? हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ मध्ये धुण्याचं गणित चार गोष्टींत बसवलं: साबण, घासणं-आपटणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. ‘इको’ प्रोग्रॅम दोन-तीन तास रेंगाळतो म्हणून लोक वैतागतात, पण तो वीज खात बसलेला नसतो. उष्णतेची उणीव तो वेळानं भरून काढतो. शिवाय आताच्या बऱ्याच पावडरींत एन्झाइम असतात. प्रोटीएज घाम-रक्ताचे डाग तोडतं, लायपेज तेलकटपणा, अमायलेज भाता-पिठाचा चिकटा. ती कोमट पाण्यात उत्तम चालतात, जास्त तापवलं तर निकामी होतात. आजारी माणसाच्या चादरी, तान्ह्या बाळाची दुपटी यांना गरम पाणी जरूर वापरा. रोजच्या शर्ट-साड्यांना त्याची गरज नाही.

पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी किती उतरली, हा बेळगावात घराघरांतला विषय असतो. टॉप लोड मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडाल्याशिवाय नीट फिरत नाहीत, म्हणून टब भरावाच लागतो आणि एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी सहज जातं. फ्रंट लोडचा ड्रम आडवा. त्यातल्या पट्ट्या कपडे वर उचलतात आणि खाली टाकतात, विहिरीवरच्या धोंड्यावर आपटावेत तसे. कपडे भिजण्यापुरतं पाणी असलं की झालं. सगळं मिळून पन्नास-साठ लिटरांत काम उरकतं. पावडर मात्र बेतानं घालावी. फेस जास्त झाला तर आपटणं बोथट होतं, आणि तो काढायला जादा पाणी लागतं.

सेमी ऑटोमॅटिकला लोक नाकं मुरडतात. माझं मत वेगळं आहे. या मशीनमध्ये पाणी किती लागतं हे चालवणारा ठरवतो. नळ सुरू ठेवून विसळत बसलं तर टाकी रिकामी होईल. पण साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, आणि विसळलेलं पाणी मोरीत किंवा फरशीला, असं करणाऱ्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना कुठल्याही सेन्सरनं शिकवावं असं काही नाही.

आता पुन्हा पावसाकडे. पिळण्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या १२०० केल्या की दुप्पट नव्हे, चौपट. १२०० फेऱ्यांवर पिळलेल्या पाच किलो कपड्यांत सुमारे अडीच लिटर पाणी उरतं, ७०० वर साडेतीन-चार लिटर. फरक लिटरभराचाच दिसतो, पण लिटरभर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ०.६८ युनिटाइतकी उष्णता लागते. मे महिन्यात ती ऊन फुकट देतं, जुलैत कोण देणार? सेमी ऑटोमॅटिकच्या ज्या टबाला आपण ड्रायर म्हणतो त्यात हीटर नसतो, पण तो बारीक टब मिनिटाला १३०० च्या आसपास फिरतो, म्हणून त्यातले कपडे लवकर सुकतात. दुकानात फेऱ्यांचा आकडा आवर्जून विचारा, आणि रंगसंगतीवर नंतर बोला.

कर्नाटक सरकारच्या ‘गृहज्योती’ या मोफत विजेच्या योजनेमुळे २०२३ पासून बऱ्याच घरांचं वीजबिल शून्य आलं आणि विजेची काळजी थोडी मागे पडली. पण महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की हेस्कॉम या आपल्याकडच्या वीज कंपनीचं पूर्ण बिल भरावं लागतं. १८०-१९० युनिट वापरणाऱ्या घरात रोजचा गरम वॉश आणि रात्रभरचा पंखा मिळून महिन्याला तीसेक युनिट होतात. म्हणजे काठावरून पलीकडे. ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१९ मध्ये वॉशिंग मशीनसाठी स्टार लेबल आणलं, त्यावर दर किलो कपड्यांमागे किती युनिट आणि किती लिटर हे छापलेलं असतं. तारे मोजण्यापेक्षा हे दोन आकडे वाचावेत.

अथणी-रायबागकडच्यांना एक जादा सूचना. तिकडे पाऊस कमी, भिस्त बोअरवर. क्षाराचं पाणी तापवलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट हीटरवर थर धरतो आणि मग तोच हीटर तेवढ्याच कामाला जास्त वेळ घेतो. गार धुणं तिथं दुहेरी फायद्याचं. अधूनमधून रिकाम्या ड्रममध्ये लिंबूसत्व घालून मशीन फिरवलं की थर सुटतो.

आणि फ्रंट लोड ठरवण्याआधी पाण्याची टाकी किती उंचावर आहे ते बघून या. मशीनच्या माहितीपत्रकात पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. नळापासून टाकीतल्या पाण्याची उंची दर मीटरला सुमारे ०.१ बार दाब देते, ०.३ बार मागणाऱ्या मशीनला दहा फूट तरी हवेत. कौलारू घर आणि पडवीत ठेवलेलं बॅरल असेल, तर सेमी ऑटोमॅटिकच घ्या.