शॉकअपशिवाय डोंगरवाटेवर: रिजिड फोर्कची सायकल घेणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या दुकानात रिजिड फोर्कची (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा न दबणारा असलेली) माउंटन बाइक समोर आली की बहुतेक ग्राहक हँडल दोन्ही हातांनी खाली दाबून बघतात. हँडल दबत नाही. मग विचारतात, "हिला शॉकअप नाही? रानात कशी चालवायची?" प्रश्न रास्त आहे, आणि दुकानात गर्दी असताना त्याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. आमचे मत आधीच सांगतो. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे आणि शेजारच्या दोडामार्गातल्या पायवाटांवर हौसेने सायकल चालवणाऱ्याला स्वस्तातल्या शॉकअपपेक्षा रिजिड फोर्क आणि चांगले रुंद टायर जास्त उपयोगी पडतात. ज्यांनी ही सायकल घेऊ नये, त्यांच्याबद्दलही पुढे लिहिले आहे.

स्वस्त शॉकअपची अडचण

कमी किमतीच्या माउंटन बाइकला जो शॉकअप येतो त्यात साधी स्टीलची स्प्रिंग असते. असा फोर्क सुमारे अडीच किलोचा भरतो. स्टीलचा रिजिड फोर्क किलो-सव्वा किलोचा. म्हणजे पुढच्या चाकावरचा किलोभराहून जास्त भार कमी होतो, आणि चढावर सायकल ढकलत न्यावी लागली किंवा गडग्यावरून उचलून पलीकडे टाकावी लागली की तो फरक खांद्याला कळतो.

वजनापेक्षा आम्हाला जास्त चिंता पावसाची वाटते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लाल चिखल शॉकअपच्या नळ्यांना चिकटतो, रबरी सीलच्या कडेने आत जातो, आतल्या बुशी झिजवतो. किनाऱ्याकडच्या ग्राहकांच्या सायकलींवर खारी हवाही बसते. दोन पावसाळ्यांनंतर असे फोर्क आमच्याकडे येतात तेव्हा नळ्यांवर गंजाचे डाग असतात, स्प्रिंग अडकलेली असते, किंवा पुढचे चाक धरून हलवले तर फोर्क खडखडतो. सुटे भाग सहज मिळत नाहीत, मिळाले तरी मजुरी धरून नव्या फोर्कच्या किमतीजवळ जातात. रिजिड फोर्कमध्ये हलणारा भागच नाही. धुतला, पुसला, काम झाले.

लहान मुलांच्या बाबतीत तर आम्ही आग्रहाने सांगतो. चोवीस इंची सायकलच्या शॉकअपची स्प्रिंग तीस किलोच्या मुलासाठी इतकी कडक असते की ती जेमतेम दबते. मूल नुसते वजन वाहते. मुलाला शॉकअपवालीच हवी असते हे आम्हालाही माहीत आहे, कारण शेजारच्या मुलाकडे ती असते. तरीही एकदा रिजिड फोर्कची हलकी सायकल त्याला अंगणात चालवून बघू द्या.

चांगल्या प्रतीचा, हवेवर चालणारा, वजनाप्रमाणे बसवता येणारा शॉकअप ही वेगळी गोष्ट आहे. वेगाने खडकाळ उतार उतरायचा असेल तर त्याला पर्याय नाही, आणि तो परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त तो एकटा फोर्कच अनेकदा आमच्याकडच्या अख्ख्या सायकलच्या किमतीचा असतो.

माउंटन बाइकची सुरुवातही शॉकअपशिवायच झाली. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत १९७६ पासून 'रीपॅक' नावाची उताराची शर्यत होऊ लागली. साडेतीन किलोमीटरच्या आतच सुमारे १,३०० फूट खाली जाणारा कच्चा रस्ता, जुन्या जड सायकली, आणि उलटे पेडल मारून लागणारा ब्रेक. खाली पोहोचेपर्यंत त्या ब्रेकमधले ग्रीस जळून जायचे आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा, त्यावरून शर्यतीला हे नाव पडले. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप, आरएस-१, बाजारात आला १९८९ मध्ये. तोवरची सगळी वर्षे लोक डोंगर उतरत होतेच.

टायर आणि हवा: सगळ्यात महत्त्वाचे

या पत्रकातले एवढेच वाचले तरी चालेल. रिजिड सायकलचा शॉकअप म्हणजे तिचा पुढचा टायर. तिथे पैसे वाचवू नका. आम्ही पुढे किमान २.४ इंच रुंदीचा टायर सुचवतो, फोर्कमध्ये जागा असेल तर २.६. मात्र टायर आणि फोर्कच्या दांड्यांमध्ये दोन्ही बाजूंना निदान ६ मि.मी. मोकळे राहिले पाहिजेत. आमचा लाल चिखल चिकट आहे, जागा कमी असेल तर चाक जाम होते आणि टायरला चिकटलेले खडे फोर्कचा रंग खरवडून काढतात.

आता हवा. पंपवाल्याकडे जाऊन "टाइट भर" म्हणायची आपल्याला सवय आहे. डांबरी रस्त्याला ते ठीक, पायवाटेवर त्याने सायकल प्रत्येक खड्यावर उडते आणि सगळा हादरा मनगटात जातो. सत्तर किलोच्या माणसाला २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे १८ ते २० पीएसआय आणि मागे २१ ते २३ पीएसआय हवा पुरते. ट्यूब असेल तर दोन्हीकडे साधारण पाच वाढवा, कारण जांभ्याच्या कडेवर टायर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली की तिला एकावेळी दोन भोके पडतात. वजन जास्त असेल तर त्या प्रमाणात हवा वाढवा. टायरच्या कडेवर छापलेली किमान आणि कमाल मर्यादा मात्र पाळा. हे आकडे सुरुवातीचे आहेत. दोन-तीन फेऱ्यांत एक-एक पीएसआय कमी-जास्त करून बघा. वळणावर टायर रिमवरून लोळल्यासारखा वाटला किंवा दगडावर रिमचा ठणका लागला, तर हवा कमी आहे.

इतक्या कमी हवेत दोन पीएसआयनेही फरक पडतो, तेव्हा नेहमी एकच गेज वापरा. दुकानातला आणि घरातला गेज एकमेकांशी जुळतीलच असे नाही. सकाळी हवा भरून सायकल उन्हात ठेवली तर दर दहा अंश तापमानाला सुमारे एक पीएसआय वाढतो, हेही लक्षात असू द्या. ट्यूबलेस टायरमधले सीलंट, म्हणजे भोके बुजवणारे द्रव, आमच्या उकाड्यात लवकर सुकते. दोन महिन्यांनी एकदा टायर हलवून बघा, आत पातळ काही खळखळत नसेल तर सीलंट घाला.

चालवायची कशी

शॉकअपच्या सायकलवरून येणारा माणूस पहिल्या दिवशी बसूनच खडकांवर जातो आणि परत येऊन म्हणतो की हात मोडले. रिजिड सायकलवर खडबडीत जागा आली की उभे राहायचे. क्रँक (पेडलचे दांडे) आडवे, दोन्ही पेडल सारख्या उंचीवर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरे वाकलेले. अंगाचा भार पायांवर हवा, हातांवर नाही. हँडल घट्ट आवळू नका. पुढच्या चाकाला तुमच्या हाताखाली थोडे वरखाली होऊ द्या, ते आपला मार्ग धरते.

नजर चाकासमोर न ठेवता सहा-सात मीटर पुढे ठेवा. कुठल्या दोन दगडांमधून चाक जाईल हे आधी ठरले की निम्मे काम झाले. शॉकअप असलेला माणूस सरळ दगडावरून जाऊ शकतो, तुम्हाला बाजूची मऊ पट्टी शोधावी लागते. यात वेग कमी होतो, पण वाट वाचायची नजर तयार होते आणि ती पुढे कुठल्याही सायकलवर कामाला येते.

ब्रेक खडबडीत भागाच्या आधी लावा आणि त्या भागावर सोडून द्या. पुढचा ब्रेक धरूनच जांभ्याच्या उभ्या कडेवर आदळलात तर चाक अडते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. पायरीसारखी कड आली तर हात किंचित खाली दाबा, मग कंबर मागे नेत पुढचे चाक हलके करा. दोन-तीन इंच उचलले तरी पुरे. हा सराव अंगणात करा. माडाची झावळ आडवी टाका, तिच्या देठावरून न आपटता चाक न्या. आठवडाभर रोज दहा मिनिटे दिलीत तर हे अंगवळणी पडते.

लांब उतारावर तळहात दुखतात, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. तसे झाले तर थांबा, हात झटका, पाणी प्या. दर वेळी होत असेल तर सायकल आमच्याकडे आणा. बहुधा सीटचे टोक खाली झुकलेले असते किंवा ब्रेकचे लिव्हर चुकीच्या कोनात असतात, त्यामुळे भार हातांवर येतो. जाड, मऊ रबराच्या ग्रिपनेही बराच फरक पडतो.

आपल्या वाटा, आपले ऋतू

पावसाळ्यात जांभ्यावर हिरवे शेवाळ धरते. त्यावर टायर कितीही चांगला असो, चाक सुटते, आणि तिथे रिजिड काय नि शॉकअप काय, दोन्ही सारखेच. ओल्या कातळावर वळू नका, ब्रेक लावू नका, सरळ जा किंवा उतरून चाला. झाडांची ओली मुळे काटकोनात ओलांडा. व्हाळाला (ओढ्याला) लोंढा असेल तर परत फिरा.

ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा उत्तम काळ. माती दबलेली असते, थोडी ओल असते, टायर धरतो. फेब्रुवारीनंतर मुरूम सुटा होतो आणि कडक जमिनीवर गोट्यांसारखा चाकाखाली फिरतो. उतारावर वळताना तेव्हा फार सांभाळा. काजूच्या बागायतीत पाचोळ्याखाली दगड दिसत नाहीत, पडलेली बोंडे चाकाखाली आली तर तीही निसरडी. हाच काजूचा हंगाम सत्तरीत माकडतापाचाही असतो आणि तो गोचिडींमुळे पसरतो, म्हणून लांब बाह्या, लांब मोजे घाला आणि घरी आल्यावर अंग नीट तपासून आंघोळ करा. त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा.

नव्यांनी सुरुवात चोडण किंवा दिवाडी बेटावर करावी असे आम्हाला वाटते. फेरीबोटीतून सायकल नेता येते, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधांवर चढउतार नाही, आणि कमी हवेच्या टायरची सवय होते. बांध अरुंद असतात, मानशीजवळ (पाणी अडवणाऱ्या दारांजवळ) उतरून चाला, शेतकऱ्याला वाट द्या. त्यानंतर ताळगाव किंवा वेर्ण्याच्या पठारावरचा उघडा जांभा, आणि मग घाटाच्या पायथ्याच्या वाटा.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर ही अभयारण्ये आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल नेऊ नका. कुळागरे (सुपारीच्या बागा) आणि बागायती लोकांच्या मालकीच्या आहेत, आधी विचारा. आमचा अनुभव असा की विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत, वर पाणीही देतात. सत्तरीत काही देवराया अशा आहेत की गावकरी आत चपला घालून जात नाहीत, तिथे सायकल बाहेरच ठेवावी. खाणींच्या हद्दीत मुळीच शिरू नका. पाणी भरलेल्या खड्ड्यांच्या कडा ढासळतात.

कोणी घेऊ नये

मनगटाला किंवा खांद्याला जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि आमच्याकडून सायकल एक दिवस चालवायला न्या, विकत लगेच घेऊ नका. उड्या मारायच्या असतील, डाउनहिल शर्यतीत उतरायचे असेल, किंवा सोबतचे सगळे चांगल्या शॉकअपवर असतील आणि उतारावर त्यांच्या बरोबरीने राहायचे असेल, तर ही सायकल तुमच्यासाठी नाही.

जुन्या सायकलला रिजिड फोर्क बसवताना

इथे चुकीचा फोर्क बसवला की चांगली सायकल बिघडते. फोर्कची उंची, म्हणजे चाकाच्या अ‍ॅक्सलपासून (आसापासून) वरच्या क्राउनपर्यंतचे (दोन्ही दांडे जिथे जुळतात तिथपर्यंतचे) अंतर, महत्त्वाची. एकोणतीस इंची सायकलला १०० मि.मी. दबणारा शॉकअप असेल तर ही उंची सुमारे ५०० ते ५१० मि.मी. असते, आणि माणूस बसल्यावर तो थोडा दबतो. म्हणून त्या जागी साधारण ४८० ते ४९० मि.मी. उंचीचा रिजिड फोर्क हवा. स्वस्तात मिळाला म्हणून ४३० मि.मी.चा बसवलात तर पुढची बाजू पाच-सहा सेंटीमीटर खाली येते. दर दोन सेंटीमीटरला हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो. हँडल चंचल होते, उतारावर भीती वाटते, आणि क्रँक खाली आल्याने पेडल दगडांना लागतात.

शिवाय वरची नळी सरळ आहे की खाली रुंद होणारी, हबला क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) आहे की १५ मि.मी.चा थ्रू अ‍ॅक्सल (आरपार जाणारा जाड आस), डिस्क ब्रेकचे माउंट कोणते, हे सगळे जुळावे लागते. म्हणून फोर्क ऑनलाइन मागवण्याआधी सायकल दुकानात आणा, आम्ही मोजून लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. वापरलेला कार्बन फोर्क आम्ही बसवत नाही. आतली चीर डोळ्याला दिसत नाही, आणि फोर्क तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो. स्टीलचा फोर्क बसवताना नळीच्या आत गंजरोधक तेल मारून देतो. ते दर पावसाळ्याआधी पुन्हा मारून घ्या.

रिजिड फोर्कमुळे हेडसेटच्या (फोर्क जिथे फ्रेममध्ये फिरतो त्या सांध्याच्या) बेअरिंगला जास्त हादरे बसतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट ढिला आहे, तसाच चालवू नका. नवीन सायकल किंवा नवीन फोर्क घेतलेल्यांनी पहिल्या दोन-तीन रानफेऱ्यांनंतर एकदा दुकानात यावे. स्पोक, हेडसेट, ब्रेक आणि स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट आम्ही तपासून घट्ट करून देतो. ही तपासणी मोफत आहे. सायकल धुऊन आणलीत तर तुम्ही थांबलेले असतानाच काम होते.