सायकल झुकते, ट्रेलर झुकत नाही

भंगारातली दोन चाके आणि काही लोखंडी नळ्या जोडून सायकलमागे ओढायचा ट्रेलर तयार करणे वरवर पाहता निव्वळ जोडकाम वाटते. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकाच गोष्टीत सापडते: वळणावर सायकल आतल्या बाजूला झुकते, दोन चाकांचा ट्रेलर मात्र ताठ उभा राहतो.

सायकलच्या चाकातल्या तारा खांबासारखे वजन पेलत नाहीत. त्या आधीच ताणून बसवलेल्या असतात आणि भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, इतकेच. चाकाच्या पातळीत येणारा जोर ही रचना उत्तम सोसते, आणि झुकलेल्या सायकलवर वळणातला जोर जवळपास त्याच पातळीत येतो. ट्रेलरच्या चाकावर तो आडवा येतो, आणि आडव्या जोरापुढे तारांचे चाक दुबळे ठरते. म्हणून लहान मुलांच्या सायकलची १६ किंवा २० इंची चाके मोठ्या चाकांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. त्यांच्या तारा आखूड असल्याने ती सहजासहजी पिळत नाहीत.

खरी कसोटी आसाची असते. सायकलचा आस दोन्ही टोकांना चिमट्यात धरला जाणार हे गृहीत धरूनच बनवलेला असतो. तो एकाच बाजूने चौकटीला बसवला तर काही दिवसांत वाकतो. पुढच्या चाकाचा आस साधारण ९ मिलिमीटर जाडीचा असतो, तर सहज निघणारी चाके असलेल्या व्हीलचेअरचा बहुधा १२.७ मिलिमीटरचा. हा फरक किरकोळ वाटतो. पण गोल सळईची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे धातू तोच असला तरी जाड आस सुमारे २.८ पट जोर सोसतो. शिवाय सायकलच्या आसावर आटे पाडलेले असतात, ते त्याला आणखी कमजोर करतात. टाकून दिलेली व्हीलचेअर हाती लागली तर माझ्या मते निम्मे काम झालेच. ती नसेल तर चाकाच्या बाहेरच्या बाजूनेही पट्टी घालून आसाला दुसरा आधार द्यावा.

दोन्ही चाके समांतर असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. एखादे चाक फक्त १ अंशाने तिरके बसले तर प्रत्येक मीटरमागे त्याचा टायर सुमारे १७ मिलिमीटर आडवा घासत जातो, आणि ओढणाऱ्याला वाटते की ट्रेलरच जड झाला आहे.

चाकांमधले अंतर ७० सेंटिमीटर आणि सामानासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २१ किलोमीटरच्या आसपास आतले चाक उचलले जाते. खड्डा लागला तर त्याआधीच! त्यामुळे जड सामान तळाशी ठेवावे आणि शक्य तर तळ आसाच्याही खाली न्यावा.

जोडणीचा सांधा तिन्ही दिशांना फिरणारा हवा, म्हणजे सायकल झुकली किंवा आडवी पडली तरी ट्रेलर उभा राहतो. तो सीटच्या दांड्याला न बांधता मागच्या आसाजवळ ठेवल्यास ट्रेलरचा धक्का सायकलला डोलवत नाही. सामानाचा भार आसाच्या किंचित पुढे असावा, इतका की एकूण वजनाचा ५ ते १० टक्के भाग जोडणीवर येईल. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, सायकलचे मागचे चाक हलके पडते आणि त्याची पकड सुटू लागते. सांध्यासोबत एक भक्कम पट्टाही बांधावा. सांधा तुटला तरी ट्रेलर मोकळा सुटत नाही.

सपाट रस्त्यावर ३० किलो वजनाचा ट्रेलर ओढायला जेमतेम २ ते ३ न्यूटन बल पुरते, ५ टक्के चढावर मात्र त्याखेरीज सुमारे १५ न्यूटन लागते. उतारावर हेच बल सायकलला पुढे ढकलते आणि थांबवण्याचे सारे काम सायकलच्या ब्रेकवर पडते. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो असतील, तर तेवढ्याच ब्रेकबलाने थांबायला सपाटीवरसुद्धा एक तृतीयांश अंतर जास्त लागते.