एर्मांदाद की फ्रातेर्निदाद?

मराठीतला 'बंधुभाव' स्पॅनिशमध्ये न्यायला गेलं की शब्दकोश दोन शब्द पुढे करतो, एर्मांदाद आणि फ्रातेर्निदाद. अर्थ दोन्हींचा एकच दिलेला असतो. नवखा माणूस फसतो तो इथेच.

फ्रातेर्निदाद आपल्या नात्यातला. लॅटिन 'फ्रातेर' आणि संस्कृत 'भ्रातृ' एकाच मुळातले. पण रोजच्या स्पॅनिशने भावासाठी 'फ्रातेर' ठेवलाच नाही. सख्ख्या भावाला लॅटिनमध्ये 'फ्रातेर गेर्मानुस' म्हणत. त्यातला भाऊ गळून पडला, नुसता 'सख्खा' उरला, आणि त्याचा झाला एर्मानो. 'फ्रातेर' राहिला मठात, 'फ्रायले' म्हणजे ख्रिस्ती साधू या रूपात. म्हणून फ्रातेर्निदाद पुस्तकी वाटतो, तत्त्वाच्या बाजूचा. फ्रेंच राज्यक्रांतीचं ब्रीद स्पॅनिशमध्ये 'लिबेर्ताद, इग्वाल्दाद, फ्रातेर्निदाद' असंच म्हणतात. आपल्या उद्देशिकेतल्या 'बंधुता'लाही मी हाच शब्द देईन, दुसरा विचारसुद्धा न करता.

एर्मांदादही भावना असू शकते, पण त्या शब्दाला सभासदांची यादी आणि वर्गणी चिकटलेली आहे. सेव्हिया शहरात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ज्या मिरवणुका निघतात, त्या काढतात एर्मांदादच. अध्यक्षाला 'एर्मानो मायोर' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. मूर्तींचे जड देखावे मानेवर पेलणारे कोस्तालेरो आत, पडद्याआड चालतात. लोकांना दिसतात ती फक्त त्यांची पावलं. 2011 मध्ये तिथल्या आर्चबिशपांनी आदेश काढून या संस्थांत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचे हक्क दिले. असा आदेश संस्थेला देता येतो, भावनेला नाही. 1476 मध्ये उभी राहिलेली 'सांता एर्मांदाद' तर रस्त्यांवरच्या लुटारूंना पकडणारं सशस्त्र दलच होतं.

(आपल्याकडे 'भाऊबंदकी'चा अर्थ पार उलट्या बाजूला गेलाय, तेव्हा शब्दाला शब्द लावू नये.)

'कोफ्रादिया' एर्मांदादच्या अगदी जवळचा. स्पेनच्या बंदरांत कोळ्यांच्या संघटनेलाही कोफ्रादियाच म्हणतात. गोव्यातल्या चर्चमधली 'कोंफ्रारिया' ही त्याचीच पोर्तुगीज बहीण.

ही विभागणी सगळीकडे टिकते असं नाही. बोलिव्हियात, ओरुरोच्या कार्निव्हलमध्ये नाचणाऱ्या मंडळांना फ्रातेर्निदाद म्हणतात, आणि तिथे तर पक्की सभासद मंडळी असतात. त्यामुळे मजकूर कुठल्या देशासाठी आहे, हे आधी विचारावं.

कचेरीतला किंवा संघातला जिव्हाळा सांगायचा असेल तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. त्याला 'कोम्पान्येरिस्मो' हवा. कोम्पान्येरो म्हणजे मुळात एका भाकरीचा वाटेकरी. त्यातला लॅटिन 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि 'पाव' झाला.