मोठा सबवूफर, मोठा बास?

"सबवूफर जितका मोठा, तितका बास भारी." सबवूफर म्हणजे खालचे सूर, म्हणजेच बास, वाजवणारा स्पीकर. त्याच्याबद्दलचं हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धं खरं आहे, म्हणून पटतंही.

उघड्या टपाच्या गाडीत मात्र आधी सबवूफर ज्यात बसवतात तो डबा बघावा लागतो. टप दुमडून डिकीत गेला की जागा उरते टीचभर. १२ इंची सबवूफरला बंद डब्यात साधारण २८ ते ३५ लिटर हवा लागते. तो १५ लिटरच्या डब्यात कोंबला की आतली हवा स्प्रिंगसारखी कडक होते, स्पीकरचा पडदा मोकळा हलत नाही आणि खालचे सूर गळतात. उरते नुसती धपधप. त्याच जागेत छोट्या डब्यासाठीच घडवलेला ८ इंची जास्त खोल वाजू शकतो.

तपासणं सोपं आहे. डब्याची आतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करून १००० ने भागा. आले लिटर. ते सबवूफरच्या माहितीपत्रकाशी ताडा.

आणखी एक. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला गाडी थांबवून टप बंद ठेवून गाणं लावा, मग आवाज तोच ठेवून टप उघडा. बास उतरेल. बंद केबिन खालचे सूर फुगवते, ती मदत उघड्यावर मिळत नाही. आणि आपल्याकडची खारी, दमट हवा बघता कागदी पडद्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, बरा.